ड्रेसचा एक किलो

भुजंग मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाच्या मनात शंका राहणार नाही. त्यालाही मी आवडत नाही. तो मला 'फाईल' म्हणतो आणि ते पाठीमागे नव्हे, तोंडावर. तरीही त्याच्याविषयी लिहायला मीच बसलो आहे, कारण सहा वर्षं रोज सकाळी मी त्याला पाहिलं आहे आणि त्याच्या हातून झालेल्या चुकीत माझाही वाटा आहे.

मी लातूरला सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहे. येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. सहा वर्षांपूर्वी माझं वजन चौऱ्याऐंशी किलो होतं. डॉक्टरांनी साखर सीमेवर असल्याचं सांगितलं आणि व्यायाम करा म्हणाले. घराजवळ व्यायामाची जागा एकच होती: आडत बाजाराच्या मागे एका बंद गोदामात चालणारा भुजंगचा तायक्वांदोचा वर्ग. लाथा मारायला शिकण्याची माझी इच्छा नव्हती, पोट कमी करायचं होतं. तिथे येणारे निम्मे लोक त्याच कारणासाठी येत. ट्यूशनसाठी गावोगावहून आलेली, दिवसभर बसून मेसचे पराठे खाणारी पोरं, दोन-तीन गृहिणी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली.

पहिल्या दिवशी त्याने मला काट्यावर उभं केलं.

"पंच्याऐंशी. कपड्याचा एक किलो वजा. चौऱ्याऐंशी." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "फाईल लई जाड झाली की हो साहेब. किती वर्षं कुणी उघडली न्हाई?"

सगळे हसले. नाव त्या दिवशी पडलं, ते आजपर्यंत आहे.

भुजंगचा मूळ धंदा मापाड्याचा. बाजारात सौदा झालेला माल तोलून देणं हे त्याचं काम. शेतकऱ्याचं सोयाबीन, तूर, हरभरा पोत्यात भरून काट्यावर चढतं, काटा आकडा दाखवतो आणि मापाडी त्यातून पोत्याचं वजन वजा करून निव्वळ वजन मोठ्याने पुकारतो. ते त्याने पंचवीस वर्षं केलं. त्याआधी तो हमाल होता. मूळचा किल्लारीजवळच्या एका वस्तीतला. भूकंप झाला तेव्हा बारा वर्षांचा होता. आई वाचली, बाकीचे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये मदतीचं खाणं येई, पाव, बिस्किटांचे पुडे, तेलकट पुरी. हा मुलगा ते दिवसभर खात बसे. "दुसरं काम काय होतं तिथं?" असं तो एकदा म्हणाला होता, तेवढंच. सतराव्या वर्षी बाजारात आला तेव्हा तो इतका जाड होता की हमालांनी त्याचं नाव 'कट्टा' ठेवलं. कट्टा म्हणजे भरलेलं पोतं. पुढे नांदेडहून एक प्रशिक्षक लातूरला वर्ग घ्यायला येऊ लागले, त्यांच्याकडे हा शिकला, सव्विसाव्या वर्षी ब्लॅक बेल्ट झाला. तेव्हापासून त्याचं वजन बासष्ट किलो. ना वर, ना खाली.

ज्या नावाने त्याला चिडवलं, तेच नाव तो आता सगळ्यांना देतो. "ए कट्टा, पाय वर घे." ट्यूशनच्या पोराला म्हणेल, "सगळं फिजिक्स पोटातच साठवायलास का बे?" सोयाबीनची मूठ भरून ओल बघावी, तसं तो पोरांच्या पोटाची वळी चिमटीत धरून बघतो आणि आकडा सांगतो. बायकांना हात लावत नाही, पण त्यांनी स्वतःची वळी स्वतः धरून सांगावी लागते. दोन बायका त्यामुळे रडून गेल्या. त्यांतली एक परत आली.

गोदामाच्या भिंतीवर ऑईलपेंटने लिहिलेलं आहे: सकाळी दहाला दीड भाकर, डाळ, पालेभाजी, कांदा. दुपारी चारला एक भाकर, मोड आलेले मूग किंवा दोन अंडी. त्यानंतर फक्त पाणी. आणि खाली ठळक अक्षरांत: भूक लागली तर झोपा. व्यायाम पहाटे पाचला. बाजाराच्या सिमेंटच्या रस्त्यावर आठ फेऱ्या, मग तीनशे लाथा, मग वाळूचं अर्धं पोतं खांद्यावर घेऊन ओट्यावर चढणं-उतरणं. त्याच्या घरीही हेच चालतं. त्याची बायको चतुराबाई मला एकदा म्हणाली, "आमच्या घरी पाव्हणा चारच्या आधी आला तर जेवतो, नंतर आला तर पाणी पिऊन जातो."

या पद्धतीने चौदा महिन्यांत माझं नऊ किलो वजन उतरलं. साखर खाली आली. हे मी नाकारत नाही. माझी तक्रार वेगळी होती. खुर्चीवर बसणाऱ्या बावन्न वर्षांच्या माणसाला आणि वाढत्या वयाच्या मुलीला एकच भिंत कशी लागू पडेल? हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "भूक सगळ्यांची सारखीच असती साहेब. तुम्ही फाईल वाचा, मी माणसं वाचतो."

पुढे जिल्हा संघटनेला अर्ज नीट भरणारा माणूस हवा होता म्हणून त्यांनी मला सचिव केलं. त्यामुळे स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या अर्जावर प्रशिक्षक म्हणून त्याची आणि सचिव म्हणून माझी, अशा दोघांच्या सह्या लागू लागल्या. आमचं भांडण तिथून रोजचं झालं.

महामाया या वर्गात आली तेव्हा अकरावीत होती. कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातली. लातूरला मुलींच्या वसतिगृहात राहून शिकत होती. बारीक चणीची, पण डावा पाय इतक्या वेगाने डोक्यापर्यंत नेई की समोरच्याला दिसतच नसे. घरच्यांनी तिला एक वर्ष दिलं होतं. राज्य स्पर्धेत पदक आलं तर खेळ सुरू, पुढे क्रीडा कोट्यातून पोलिसात जायचं. पदक नाही आलं तर खेळ बंद, बारावीनंतर नर्सिंग. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ती ते स्वतःच सांगे, जणू वेळापत्रक सांगावं तसं.

तिचं वजन सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या मध्ये असे. खरं तर एकोणपन्नास किलोखालचा गट तिच्यासाठी होता. पण त्या गटात उंच मुली येतात. भुजंगने ठरवलं, ही शेहेचाळीसखाली खेळणार. दोन महिने होते.

"दीड-दोन किलो तर उतरवायचंय," तो म्हणाला. "एका कट्ट्यात तेवढी माती निघती."

दुपारी चारनंतर अन्न बंद. मग चारची भाकरही अर्धी झाली. शेवटच्या पंधरा दिवसांत प्लास्टिकचा रेनकोट घालून पळणं सुरू झालं. एका सकाळी सहाव्या फेरीला ती रस्त्यातच खाली बसली. भुजंग तिच्या डोक्याशी उभा राहून म्हणाला, "बसलेलं पोतं कुणी उचलत न्हाई. ऊठ." ती उठली आणि उरलेल्या दोन फेऱ्या पळाली. मी पाणी घेऊन गेलो तर तिनेच हात आडवा केला. "नको साहेब, वजनात धरतील."

एका रविवारी तिची आई सरजाबाई गावाहून आली. हातात धपाट्यांचा डबा. जय भीम घालून थेट भुजंगपुढे उभी राहिली.

"मास्तर, लेकरू वाळून चाललंय. दिस कलला की काईच खात न्हाई म्हणं."

"वाळायलाच पाहिजे. ओला माल बाजारात चालत न्हाई."

"माल?" सरजाबाईचा आवाज गोदामभर घुमला. "माझी लेक माल हाय व्हय रं?"

"तसं न्हाई म्हणलं मावशी."

"मावशी म्हणू नको. भाचा मावशीच्या हातचं खातो." तिने डबा त्याच्यापुढे धरला. "खा की. चार वाजले न्हाईत अजून."

त्याने डबा घेतला, ट्यूशनच्या पोरांना वाटून टाकला आणि रिकामा करून तिच्या हातात दिला. महामाया खाली बघत उभी होती. सरजाबाई तिला म्हणाली, "मेडल आण नाही तर आणू नको, पण ह्या माणसासारखी होऊ नको." आणि दुपारच्या गाडीने निघून गेली.

आता वजनाचं सांगतो. गोदामात चांगला इलेक्ट्रॉनिक काटा आहे. पण भुजंग मुलींचं वजन तायक्वांदोच्या पूर्ण ड्रेसवरच करतो. गोदामाला दार एक, आडोसा नाही, पातळ कपड्यांत मुलीला काट्यावर उभं करणं त्याला पटत नाही. यात त्याची चूक नव्हती. मग तो आकड्यातून ड्रेसचा एक किलो वजा करतो. पोत्याचं करतात तसंच. काट्याकडे बघून तोंडून आकडा निघतो तोच वजा होऊन निघतो. त्याला विचार करावा लागत नाही.

स्पर्धेच्या आधी नऊ दिवस मी त्याला विचारलं, "एक किलो कशावरून?"

"तोलून."

"कधी तोललं?"

"मी सुरुवात केली तेव्हा. बरोबर एक किलो भरला होता."

"तो जाड सुती ड्रेस होता. दोन वर्षांपासून मुली जो घालतात तो पातळ आहे. हातात धरून बघ."

तो हसला. "पंचवीस वर्षं बाजार माझ्या तोंडाकडं बघून माल देतो-घेतो. आता फाईल मला तोल शिकवणार."

दुसऱ्या दिवशी एका मुलीने धुऊन वाळत घातलेला तसाच ड्रेस मी मागून घेतला आणि ओळखीच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर ठेवला. पट्ट्यासकट पाचशे साठ ग्रॅम. म्हणजे महामायाचं जे वजन भुजंग रोज सांगत होता, त्यात चारशे चाळीस ग्रॅम मिळवायला हवे होते. मी एका कागदावर हे सगळं लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि लिफाफ्यात घालून, "ड्रेस तोलून आणलाय, वाच," म्हणत त्याला दिलं. त्याने लिफाफा उघडला नाही. माझ्याच शर्टाच्या खिशात परत खोचला. "कचेरीतले कागद कचेरीत. हितं घामाचं काम हाय."

मला त्या क्षणी इतका राग आला की मी गप्प बसलो. अजून आठ दिवस होते. मुलीला सांगता आलं असतं. तिच्या आईला फोन करता आला असता. वसतिगृह माझ्या वाटेवर होतं. मी काहीच केलं नाही. भुजंगची फजिती चार लोकांत, अधिकाऱ्यांसमोर व्हावी, असं मला वाटत होतं. हे मी आज लिहितो आहे, कारण त्याच्या चुका मोजायच्या आणि आपली सोडून द्यायची, हे बरोबर नाही.

राज्य स्पर्धा ऑक्टोबरात नांदेडला होती. आदल्या दिवशी सकाळी वजनं. लातूरहून आम्ही बसने गेलो. निघण्याआधी भुजंगने गोदामात तिचं वजन केलं होतं. काटा शेहेचाळीस किलो नऊशे दाखवत होता. "पंचेचाळीस नऊशे," त्याने पुकारलं. महामायाने डोळे मिटून घेतले. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ती हसताना दिसली. मी दाराबाहेर बघत होतो.

नांदेडला मुलींची वजनं बंद खोलीत, महिला अधिकाऱ्यासमोर, आतल्या पातळ कपड्यांवर होत होती. आम्ही बाहेर. सरजाबाई कंधारहून थेट तिथे आली होती, पायरीवर डबा मांडीत घेऊन बसली होती. दार उघडलं आणि महामाया बाहेर आली. तिने कुणाकडेच न बघता सांगितलं, "शेहेचाळीस तीनशे चाळीस."

भुजंग आत घुसायला निघाला. दारावरच्या स्वयंसेवकाने अडवलं तर तिथूनच ओरडला, "म्याडम, ड्रेसचं वजा केलं का? एक किलो वजा करा!"

आतून बाईंचा आवाज आला, "ड्रेस घातलेलाच नाही तिनं. काय वजा करू?"

रांगेतले इतर जिल्ह्यांचे प्रशिक्षक हसले. मला हवी होती ती फजिती ही. ती बघून मला जराही बरं वाटलं नाही, कारण ती मुलगी त्याच्या आणि माझ्या मध्ये उभी होती.

नियमाप्रमाणे तासाभरात आणखी एकदा वजन करता येतं. भुजंगने तिला रेनकोट दिला आणि मैदानाकडे बोट केलं. स्वतःही तिच्याबरोबर पळू लागला. ऊन चढलं होतं. पाचव्या फेरीनंतर तिला घाम येईना. अंगात पाणीच उरलं नव्हतं. सरजाबाई कुंपणाशी उभी राहून ओरडत होती, "बास कर गं माय! बास!" महामाया थांबली नाही. तास संपायला पाच मिनिटं असताना ती आत गेली. बाहेर आली तेव्हा आकडा आम्ही विचारला नाही. तिनेच सांगितला. "शेहेचाळीस एकशे दहा."

नाव यादीतून कटलं.

ती पायरीवर आईशेजारी बसली. सरजाबाईने डबा उघडला. भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. महामाया खाऊ लागली. घाईने नाही, एकेक घास चावून. आम्ही दोघे दोन खांबांशी उभे.

भुजंग माझ्याकडे वळला. "झालं ना समाधान? कागद खिशात घेऊन फिरत होता ना तुम्ही? दाखवा आता सगळ्यांना!"

मुलीचा हात डब्यात थांबला. "कसला कागद?"

भुजंग म्हणाला, "ह्यांनी आठ दिस आधी ड्रेस तोलला होता. कागद मी वाचला न्हाई."

ती माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

सरजाबाई उठली, डब्याचं झाकण लावलं आणि आम्हा दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "एकानं उपाशी ठेवलं, दुसऱ्यानं तोंड शिवलं. माझ्या लेकीला दोन बाप भेटले, आन दोन्ही बिनकामाचे. चल गं."

दिवाळीनंतर त्या दोघी लातूरला आल्या. सरजाबाईने मुलीचं खेळणं बंद केलं नव्हतं. अट घातली होती. "दोन टाइम पोटभर जेवून खेळायचं असंल तर आणखी एक वर्ष. उपाशी खेळायचं असंल तर आजच बंद." नांदेडच्या दुसऱ्या वर्गात जायचं, एकोणपन्नासखालच्या गटात खेळायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी आमच्या दोघांच्या सहीचा ना हरकत दाखला लागणार होता. अर्ज मी आधीच भरून ठेवला होता. एका रकान्यात सध्याचं वजन लिहायचं होतं, ते प्रशिक्षकाने लिहायचं असतं.

भुजंगने अर्ज हातात घेतला. मला वाटलं, फाडतो. त्याने महामायाला विचारलं, "ड्रेस आणलायस?"

तिने पिशवीतून काढून दिला. त्याने घडी घातलेला ड्रेस काट्यावर ठेवला आणि आकड्याकडे बराच वेळ बघितलं. पाचशे साठ. मग ड्रेस तिला परत देऊन म्हणाला, "घाल वरून आणि चढ."

ती पंजाबी ड्रेसवर होती. "कपड्यावर कपडे?" सरजाबाई म्हणाली. "डोकं फिरलंय का?"

"मग तशीच चढ."

महामाया काट्यावर उभी राहिली. त्याने तोंडाने काही पुकारलं नाही. अर्जात लिहिलं: ४८.२००, अंगावरच्या कपड्यांसह, काही वजा नाही. खाली सही केली. बाजारातल्या माणसाची सही, एका फटक्यात. मग अर्ज माझ्याकडे सरकवला. महामायाने माझी सही होईपर्यंत वाट पाहिली, कागद उचलला आणि गेली. आम्हा दोघांपैकी कुणाच्याही पाया पडली नाही. पूर्वी रोज पडत असे.

तेव्हापासून गोदामात काट्याशेजारी एक खिळा आहे. प्रत्येक मुलीचा ड्रेस आधी एकटा तोलला जातो आणि त्याचा आकडा पुठ्ठ्यावर लिहून त्या खिळ्याला अडकवतात. आडोशाला एक जुनी ताडपत्रीही टांगली आहे. भिंतीवरच्या वेळापत्रकातलं "भूक लागली तर झोपा" मात्र तसंच आहे. 'कट्टा' म्हणणंही तसंच आहे. भुजंग बदलला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. तो माझ्याशी बोलायचा थांबला, एवढंच. अर्ज पुढे करतो, मी सही करून संघटनेचा शिक्का मारतो.

गेल्या आठवड्यात यंदाच्या राज्य स्पर्धेची यादी तपासणीसाठी सर्व जिल्ह्यांच्या सचिवांकडे आली. मी ती गोदामातच टेबलावर बसून वाचत होतो. भुजंग पोरांना लाथा शिकवत होता. शिकवता शिकवता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "हाय का नाव?"

यादीत नांदेडच्या पानावर, एकोणपन्नास किलोखालील मुलींत, तिसरं नाव महामायाचं होतं.

"आहे," मी म्हणालो.

त्याने एका पोराचा पाय धरून वर उचलला, ताणला, सोडला. मग म्हणाला, "शिक्का सरळ मारा. दर वेळी वाकडा मारता."